अरुंद रुळांची काटकसर



स्मृतिव्याख्यानासाठी आगगाडी हा विषय घ्यावयाचा म्हटल्यावर वक्त्याने राष्ट्रीय दळणवळण, पंचवार्षिक नियोजन किंवा निदान मालवाहतुकीचे अर्थशास्त्र अशा एखाद्या भारदस्त अंगाची कास धरावी, ही अपेक्षा रास्तच आहे, आणि या व्याख्यानमालेच्या चालकांनी ती अत्यंत सौजन्याने माझ्या कानांवर घातलीही होती. मी ती मानली नाही. आज मी बोलणार आहे ते दोन फूट किंवा अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून वाफेच्या बळावर चालणाऱ्या, घाटात ताशी दहा-बारा मैलांचा वेग हीच ज्यांची शर्यत, आणि ज्यांतील बहुतेकींचे प्राण आता केवळ हौशी माणसांच्या मेहनतीवर तगून आहेत, अशा लहान आगगाड्यांविषयी.

या गाड्यांच्या आकर्षणाचा उलगडा सामान्यतः गतकालाविषयीच्या हळव्या ओढीने केला जातो. मनुष्याला बालपण प्रिय, बालपणी वाफेची एंजिने होती, म्हणून वाफेची एंजिने प्रिय, असा हा सरळसोट न्याय आहे. परंतु वेल्समधील टॅलिथ्लिन रेल्वे वाचविण्याचा विचार करण्यासाठी ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात जी सभा भरली, तिला आलेल्या मंडळींना वाफेच्या एंजिनाचा विरह मुळीच झालेला नव्हता. त्यांच्या देशात त्या दिवशी आगगाडी म्हणजे वाफेचीच गाडी असे समीकरण होते, आणि ब्रिटिश रेल्वेच्या मोठ्या मार्गांवरून वाफेचे उच्चाटन व्हावयास पुढे १९६८ साल उजाडावे लागले. जी वस्तू दारासमोरून दिवसातून वीस वेळा जाते तिच्यासाठी कोणी गहिवरत नाही. तेव्हा त्या मंडळींना ओढून नेणारे कारण वाफेपेक्षा निराळे असले पाहिजे. आणि माझ्या मते ते गाडीच्या लहान असण्यात, आणि त्याहूनही अधिक, ती लहान का ठेवावी लागली या कारणात दडलेले आहे. ते कारण म्हणजे पैशाची टंचाई. लहान रेल्वेचे सौंदर्य हे काटकसरीतून निपजलेले सौंदर्य आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

मोठ्या रेल्वेचा अभियंता भूमीला हुकूम करतो. डोंगर आडवा आला तर तो बोगदा पाडतो, दरी आली तर पूल बांधतो, आणि आपली रेषा शक्य तितकी सरळ ठेवतो. कारण त्याच्या पाठीशी सरकारची हमी किंवा लंडनच्या भागधारकांची थैली असते. लहान रेल्वेच्या अभियंत्याजवळ यांपैकी काहीच नसते. त्याला डोंगराची मनधरणी करावी लागते, ओढ्याच्या काठाकाठाने जावे लागते, शेताच्या बांधाला वळसा घालावा लागतो; आणि प्रवाशाला ज्या वळणांचे पुढे कौतुक वाटते ती वळणे मूळ अंदाजपत्रकात केवळ वाचविलेल्या खर्चाच्या बाबी म्हणून नमूद झालेली असतात.

या शास्त्राचा एक थोर आचार्य आपल्या सोलापूर जिल्ह्यात होऊन गेला, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबईहून मद्रासकडे जाणारा त्या कंपनीचा मोठा मार्ग बार्शी ही कापसाची आणि धान्याची भरभराटलेली पेठ वीसेक मैल बाजूला टाकून गेला होता, आणि कुर्डुवाडीच्या स्टेशनाला 'बार्शी रोड' असे नाव देऊन कंपनीने व्यापाऱ्यांचे समाधान केले होते. त्या रोडवरून पुढचा प्रवास अर्थात बैलगाडीचा. ही त्रुटी अडीच फुटी रुळांनी स्वस्तात भरून काढता येईल, असे कॅलथ्रॉपच्या मनाने घेतले, आणि सरकारदरबारच्या दप्तरातून ती दरखास्त मंजूर होऊन बाहेर पडेपर्यंत त्याने कित्येक वर्षे चिकाटी सोडली नाही. १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड ही गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपुरास गेली, १९११ साली लातुरास पोचली, १९२७ साली मिरजेला भिडली, आणि दोनशे मैलांवर पसरलेल्या त्या साऱ्या पसाऱ्याला आपल्या लोकांनी 'बार्शी लाइट' याच आटोपशीर नावाने ओळखले.

कॅलथ्रॉपच्या योजनेतील मर्म मात्र रुळांच्या रुंदीहून सूक्ष्म होते. त्याने असे ठरविले की एंजिन असो, प्रवाशांचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. एंजिन जड करावयाचे तर त्याची चाके वाढवावीत, आस लादू नयेत. भार असा सर्वत्र समान वाटला गेला की रूळ हलके चालतात. रूळ हलके की पूल हलके. आणि पूल हलके की जो मुलूख मोठ्या रेल्वेला परवडत नाही तो या रेल्वेला परवडतो. लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी जी एंजिने घडविली त्यांना म्हणूनच आठ जोडचाके आणि मागे भार उचलणारी चार लहान चाके होती. आषाढीच्या दिवसांत प्रवाशांचे डबे अपुरे पडले की मालाच्या डब्यांतूनही वारकरी पंढरपुरास जात. तो प्रवास सुखाचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण तो होत होता, आणि तो होऊ शकला याचे श्रेय पाच टनांच्या त्या मर्यादेला आहे.

बार्शीत सिद्ध झालेली ही विद्या नंतर इंग्लंडात परत गेली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. स्टॅफर्डशरमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची अडीच फुटी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तिचा अभियंता कॅलथ्रॉपच, आणि तिची किटसनने घडविलेली दोन एंजिने बार्शीच्या एंजिनांची धाकटी भावंडेच म्हणावीत अशी. इतकी, की इंग्लंडच्या त्या हिरव्या खोऱ्यात, जिथे रुळांवर गुरे येऊ नयेत म्हणून कुंपणे घातलेली, तिथेही एंजिनाच्या कपाळावर हिंदुस्थानी पद्धतीचा भलामोठा कंदील बसविलेला होता. त्या गाडीचे पोट दुधावर चालत असे. एक्टनची दुधाची डेअरी बंद पडली आणि १९३४ साली गाडीही बंद झाली. रूळ उखडले गेले आणि १९३७ साली त्या मार्गाची पायवाट झाली. आणखी वीस वर्षे ती तग धरून राहती तर तिला वाचविणारे लोक खात्रीने भेटले असते. कॅलथ्रॉपने, जाता जाता सांगतो, उतारवयात विमानातून उडी घेण्याच्या छत्रीचा शोध लावण्यात आपली शक्ती आणि पैसा खर्च केला. मनुष्य हलकेपणाच्या ध्यासाने किती दूर जाऊ शकतो याचा हा एक मासला आहे.

टॅलिथ्लिनच्या बाबतीत ती वीस वर्षे एका माणसाच्या हट्टाने मिळाली. ही सव्वादोन फुटी रेल्वे १८६५ च्या सुमारास ब्रिन एग्लुइसच्या खाणीतील पाटीचा दगड समुद्रकाठच्या टौइन गावी आणण्यासाठी बांधली गेली. १८६६ साली सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर तिची पाहणी करण्यास आला, तेव्हा त्याला आढळले की पुलांखालची वाट इतकी अरुंद ठेवली आहे की डबा आणि भिंत यांच्यामध्ये दार उघडण्याइतकीही जागा नाही. पूल पाडून नवे बांधावेत तर पैसा नाही. तेव्हा तोड अशी निघाली की एका बाजूची दारे कायमची बंद करावीत आणि पुलांखाली रूळ थोडे एका अंगाला सरकवावेत. आजही त्या गाडीला प्रवासी एकाच बाजूने चढतात. जी गोष्ट तपासनिसाच्या अहवालात दोष म्हणून नोंदली गेली, ती आता पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखविली जाते. आणि माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मला मिळणार नाही.

सर हेन्री हेडन जोन्स या पार्लमेंटच्या सभासदाने १९११ साली ती खाण आणि ती रेल्वे विकत घेतली. १९४६ साली खाण ढासळून बंद झाली. १९४८ साली साऱ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, त्या यादीत टॅलिथ्लिनचे नावच नव्हते. एवढ्या क्षुद्र मिळकतीची नोंद घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल असे या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे होते, आणि पदरचे पैसे घालून, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनतीन दिवस का होईना, त्यांनी ते खरे केले. जुलै १९५० मध्ये ते वारले तेव्हा रुळांखालचे लाकूड इतके कुजले होते आणि त्यावर गवताचे थर इतके माजले होते की रूळ जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम खिळ्यांपेक्षा गवतच अधिक करीत आहे, असे लोक बोलत. चालू स्थितीत एंजिन एकच, डॉलगॉख, आणि त्याचे वय चौऱ्याऐंशी.

टॉम रोल्ट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी बर्मिंगहॅमची ती सभा बोलावली, आणि १४ मे १९५१ रोजी, स्वयंसेवकांनी चालविलेली जगातील पहिली रेल्वे म्हणून ती गाडी पुन्हा सुटली. ही माणसे मुख्यतः कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या शहरांतून आलेली. आठवडाभर दुसऱ्याची चाकरी करून शनिवार-रविवारी वेल्सच्या पावसात रुळांखालचे लाकूड बदलणारी. गावच्या जत्रेत पालखीच्या खांद्याचा मान जसा पैशाने मिळत नाही, आणि मिळाला तर मनुष्य त्याची मजुरी मागत नाही, तसेच काहीसे त्या फावड्याचे आणि पाहारीचे झाले. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ साली बंद पडली होती. तिची दोन जुनी एंजिने या मंडळींनी विकत घेतली. जुनी वस्तू टाकून नवी घेण्याची ऐपत नसणे हे त्या रेल्वेच्या कुळाचारातच होते, आणि स्वयंसेवकांनी तो इमानेइतबारे पाळला. पुढे १९५५ पासून फेस्टिनिऑगची जुनी रेल्वेही अशाच हातांनी मैला-मैलाने जिवंत होत गेली आणि १९८२ साली ब्लायनाउ फेस्टिनिऑगला पुनश्च पोचली. त्या रेल्वेवर वाफ येण्यापूर्वीची कथा तर काटकसरीचा कळसच म्हणावा लागेल: दगडाने भरलेल्या गाड्या उतारावरून आपल्याच भाराने समुद्राकडे येत, आणि रिकाम्या गाड्या वर ओढून न्यावयाचे घोडे त्याच गाडीच्या एका डब्यात उभे राहून, गवत खात, खाली येत.

आपल्या माथेरानकडे वळतो. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुमारे १६ लाख रुपये खर्चून बांधलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली आणि तिची आखणीही कॅलथ्रॉपचीच. नेरळच्या भातखाचरांपासून माथेरानच्या जांभ्या मातीपर्यंतची सुमारे अडीच हजार फुटांची उंची या गाडीने २१ किलोमीटरचे वळसे घेत गाठली आहे. बोगदा सबंध मार्गात एकच, तोही इतका आखूड की त्याला पडलेले प्रचलित इंग्रजी नाव त्या आखूडपणाचाच हिशेब देते. ते नाव या व्यासपीठावरून उच्चारण्याचे मी टाळतो. वीस फुटांस एक फूट असा चढ आणि नालेच्या आकाराची वळणे, यांवर सहा जोडचाकांचे एंजिन न्यावयाचे म्हणजे मोठी अडचण, कारण एकाच ताठ चौकटीत बसविलेली चाके वळणावर रुळांना घासतात आणि अखेर चढून बाहेर पडतात. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्याने यावर क्लीन-लिंडनरची युक्ती योजली. पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीसारखा. त्याच्या आत दुसरा भरीव आस. आणि दोहोंमध्ये उखळीत बसलेला गोळा, ज्यामुळे बाहेरच्या नळीवरची चाके फिरत असतानाच थोडी डावीउजवीकडे वळू शकतात, आणि आतला आस मात्र चौकटीत सरळच राहून दांड्यांचे बळ घेतो. अशी चार एंजिने पाऊणशे वर्षे त्या घाटात राबली आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी डिझेलला जागा देऊन निवृत्त झाली. त्यांतील एकाने सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडात लेटन बझर्डच्या लहानशा रेल्वेवर आश्रय घेतला आहे.

लहान एंजिनाचा दुसरा गुण असा की त्याचे काम उघड्यावर चालते. विजेच्या गाडीत बळ कोठून येते आणि कोठे जाते ते पाहणाऱ्याला कळत नाही. दार्जिलिंगच्या दोन फुटी गाडीचे एंजिन पाहा. चालक आणि फायरमन आत. कोळशाच्या ढिगावर बसून मोठाली ढेकळे फोडणारा एक मनुष्य. आणि एंजिनाच्या अगदी नाकावर, धुक्यात आणि दवात, दोघेजण बसलेले, ज्यांचे काम एवढेच की रूळ निसरडे झाले की मुठीने त्यांवर वाळू टाकावयाची. हा मार्ग १८८१ साली पुरा झाला, घुमच्या स्टेशनावर तो समुद्रसपाटीपासून ७४०७ फूट उंच चढतो, आणि युनेस्कोने १९९९ साली त्याची जागतिक वारशात गणना केली. त्या सनदेत वाळू टाकणाऱ्या हातांचा उल्लेख असो वा नसो, चाक रुळाला धरून राहते ते त्या हातांमुळे, आणि हे पहिलीतल्या मुलालाही दिसते.

आत उभे राहून पाहिले तर हे अधिकच जाणवते. थंड एंजिन कळ दाबून चालू होत नाही. पहाटे लाकडाच्या ढलप्या आणि तेलात भिजविलेल्या चिंध्या पेटवून, त्यावर हळूहळू कोळसा चढवीत, पाण्याला वाफ येईपर्यंत कित्येक तास थांबावे लागते. फायरमनचे फावडे पुष्कळ कोळसा एकदम टाकीत नाही. ते पातळ थर पसरते, मागच्या दोन कोपऱ्यांत विशेष काळजीने, आणि धुराचा रंग पाहून पुढचे फावडे कधी ते ठरते. काळाभोर धूर निघाला की विस्तव नीट जळत नाही, आणि झडपेतून वाफ फुसांडू लागली की फुकट गेली. पण त्याची नजर सर्वाधिक खिळलेली असते ती पाणी दाखविणाऱ्या काचेच्या उभ्या नळीवर. सपाटीवर ती नळी खरे बोलते. चढावर एंजिनाचे नाक वर होते, बाष्पकातले पाणी मागे सरकते, आणि नळीतली पातळी आहे त्याहून वर दिसते. चढ संपून उतार लागला की तेच पाणी पुढे जाते आणि आगीच्या पेटीचे छत उघडे पडण्याचा धोका उभा राहतो. ते छत पाण्यावाचून तापले तर छतात बसविलेली शिशाची डाट वितळते, आग विझते, आणि गाडी घाटातच उभी राहते. डाटीनेही दगा दिला तर काय होते ते सांगावयास नको. म्हणून फायरमनला आपल्या मार्गातले प्रत्येक चढउतार पाठ असावे लागतात. पुस्तकात हे सारे लिहिलेले आहे. पुस्तक वाचून ते कोणाला आल्याचे ऐकिवात नाही.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की ज्या गाड्यांना आता कोठे जावयाचेच नाही, ज्यांचा प्रवासी सकाळी चढून दुपारी निघाल्या जागीच उतरतो, त्यांचे हे सारे नाटकच नव्हे काय? खाण गेली, दूध गेले, कापूस गेला. प्रयोजन संपलेली क्रिया चालू ठेवण्यात अर्थ कोणता? मला या आक्षेपाचे वजन मान्य आहे. बार्शी लाइटचे रूळ या शतकाच्या पहिल्या दशकात उखडून रुंद केले गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत मी नव्हतो. कुर्डुवाडीच्या स्टेशनात एका वाघिणीतले पोते उचलून दुसरीत टाकण्यात हमालांची पाठ आणि व्यापाऱ्याचा दिवस किती खर्ची पडत असे हे ज्याने पाहिले आहे, तो लातूरकराला अरुंद रुळांचे काव्य ऐकवणार नाही. विदर्भातील 'शकुंतला' या अरुंद गाडीचे प्रवासीही ती रुंद व्हावी हेच मागत आले, आणि त्यांचे मागणे योग्यच होते. गरजेच्या मार्गावर गरजेचाच अंमल चालावा. पण जेथे गाडी ही सहल म्हणूनच उरली आहे, तेथे निदान एंजिनाचे काम तरी खरे असावे. कारण वाफेच्या एंजिनाला नाटक करता येत नाही. विस्तव खोटा पेटविता येत नाही, पाण्याची नळी खोटी वाचता येत नाही. माथेरानच्या मार्गावर अलीकडे डिझेलच्या एंजिनाला वाफेच्या एंजिनाचा साज चढविण्यात आला आहे. मुलांना ते आवडते हे मी जाणतो, आणि हेतू चांगला आहे यातही शंका नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी ते रूप मूळ एंजिनाला आले ती गोष्टच त्यात नाही, आणि मला ते रूप न घेतलेले साधे डिझेल एंजिन अधिक प्रामाणिक वाटते.

खऱ्या वाफेची वाट सोपी नाही. साउथ वेल्समधील फोस-अ-फ्रान ही उघडी खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली आणि ब्रिटनमधील या हौशी रेल्वेंना आपल्याच देशातला चांगला कोळसा मिळेनासा झाला. आता तो परदेशातून मागवावा लागतो. धुराविषयीचे आक्षेप निराळेच. तरी कोळसा पैशाने मिळू शकतो, बाष्पक नवा करता येतो. जे पैशाने मिळत नाही ते मघा सांगितलेले फावड्याचे आणि नळीचे ज्ञान.

माथेरानचा नेरळपासूनचा घाट पावसाळ्यात बंद असतो. २००५ च्या आणि २०१९ च्या अतिवृष्टीने त्याची जी दैना केली ती सर्वांना ठाऊक आहे. पण वरचा अमन लॉज ते माथेरान हा जेमतेम तीन किलोमीटरचा तुकडा फार चढणीचा नाही, आणि दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी असल्यामुळे तेथे गाडीची गरजही खरी आहे. एक वाफेचे एंजिन, हंगामापुरते, एवढ्याच तुकड्यावर चालविण्याचा खर्च फार मोठा होऊ नये; दुरुस्तीला कुर्डुवाडीचा कारखाना आहे, ज्याने बार्शी लाइटची एंजिने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. अशी दरखास्त जर कधी तयार झाली, तर तिच्या खर्चाच्या बाबींत कोळशाच्या आधी दोन उमेदवार फायरमनांचा पगार धरावा, अशी माझी सूचना आहे. त्या घाटात ज्यांनी प्रत्यक्ष फावडे चालविले ती माणसे १९८०च्या आगेमागे सेवेत होती. त्यांतले जे आज हयात असतील त्यांची वये आपण मनातल्या मनात मोजावीत. उमेदवार नेमावयाचे तर ते पुढच्या हंगामातच नेमावे लागतील.